बिनअद्रकाचा चहा

ब्रह्मपुरीच्या बसस्थानकावर रुखमा रामटेके पहिल्यांदा लक्षात आली ती तिच्या बघण्यामुळे. नवऱ्याचा डबा घेऊन यायची. पण गाडी लागली की आधी नवऱ्याच्या तोंडाकडे नाही, काचेवरच्या पाटीकडे बघायची. पाटीवर जवळचं ‘वडसा’ असलं की चेहरा सैल पडायचा. ‘प्रासंगिक करार’ असलं, म्हणजे गाडी सहलीला निघालेली असली, की डबा खिडकीतून आत ढकलून न बोलता चालू लागायची.

नवरा पत्रू एसटीत ड्रायव्हर. घाटात हात पक्का, म्हणून डिसेंबरातल्या शाळांच्या सहली त्याच्याच वाट्याला. नागपूर, अमरावती, चिखलदरा. दुसऱ्यांची पोरं डोंगर बघून यायची, आणि एका शाळेत पाणी भरणारी रुखमा नाताळच्या सुट्टीत घरी बसून त्याचं स्वेटर धुवायची. स्वेटरला धुराचा वास असायचा. तो आपल्या चुलीचा नाही, हे तिला बरोबर कळायचं.

“तुमी तं चिखलदऱ्याचे जावईच झाले,” ती म्हणायची.

शहाऐंशीच्या डिसेंबरात पत्रूनं रजा टाकली, पास काढला आणि तिला घेऊन निघाला. नागपुरात दोघांनी दीक्षाभूमीवर वंदन केलं, महाराजबागेतला वाघ बघितला. इथवर सगळं छान होतं. मग स्थानकावर कँटीनवाला ओरडला, “अरे पत्रूभाऊ! आज बिना वर्दीचे?” अमरावतीला पानठेल्यावाल्यानं न विचारता त्याचं पान लावून दिलं.

“हा कोण?”

“वळखीचा.”

“तुमचं अख्खं गावच हाये इकडे,” रुखमा म्हणाली आणि खिडकीकडे तोंड करून बसली.

परतवाड्याहून गाडी घाट चढू लागली. पत्रू प्रवासी म्हणून बसला होता, पण दर वळणाला त्याचा उजवा पाय रिकामाच ब्रेक दाबायचा. ते बघून रुखमाला हसू आलं. सगळ्या वाटेत ती हसली ती तेवढीच.

चिखलदऱ्याला स्थानकाजवळ इंदुताईंची चहाची टपरी. रुखमाच्याच वयाची, चटपटीत बाई. त्यांनी रुखमाला नीट न्याहाळलं. “ह्याच का त्या लाखोळीच्या डाळीच्या वड्यावाल्या वहिनी? दर सालाले तुमच्या वड्याचं नाव आयकतो.” रुखमा जरा खुलली. इंदुताईंनी उकळत्या चहाचा एक कप तिच्या हाती दिला. मग दुसरं भांडं उचललं आणि पत्रूचा कप वेगळा भरला.

“त्याईचा काऊन वेगळा?”

“बिनअद्रकाचा हाये. त्याईले अद्रक नाई चालत ना.”

रुखमानं आपला कप खाली ठेवला. लग्न झाल्यापासून रोज सकाळी ती अद्रक ठेचत आली होती. घरामागच्या न्हाणीच्या पाण्यावर तिनं अद्रक लावलं होतं, ते याच माणसासाठी.

देवी पॉइंटवर खाली अख्खी दरी धुक्यात होती. पत्रू बोट दाखवून सांगत होता, तो गाविलगड, तिकडे मेळघाट. रुखमा दरीकडे बघतच नव्हती.

“मले काऊन नाई सांगतलं?”

“काय?”

“अद्रकाचं.”

पत्रूनं मफलर सोडला, पुन्हा बांधला. “माय म्हणे थंडीत अद्रक बरं. तू टाकलं, मी पेलो. पहिल्या दिवशी सांगतलं नाई. दुसऱ्या दिवशी सांगाव तं तू म्हणशीन, काल काऊन नाई सांगतलं.”

“तिले तं सांगतलं!”

“तिले पैसे देतो ना. पैसे देल्यावर मानूस सांगतेच.”

“म्हणजे मी पैसे घ्याले पायजे होते?”

बाजूला सहलीची पोरं गलका करत होती. रुखमा वळली, तरातरा टपरीवर आली आणि इंदुताईंना म्हणाली, “तो त्याईचा चहा मले द्या.” एक घोट घेतला. पाणचट, नुसता गोडमिट्ट. तिनं तो शेवटपर्यंत प्यायला, मग विचारलं, “साखर किती टाकता?”

इंदुताईंनी सांगितलं. रुखमानं पैसे पत्रूला देऊ दिले नाहीत. स्वतःच्या बटव्यातून काढून दिले.

पत्रू आता निवृत्त आहे. ब्रह्मपुरीच्या घरी रुखमा रोज सकाळी दोन गंजांत, म्हणजे पातेल्यांत, चहा ठेवते. मोठ्यात त्याचा, बिनअद्रकाचा. लहानात तिचा, अद्रक ठेचून.