गादीला सुतक नसते

इंदुताईसाहेबांची आणि माझी पहिली भेट म्हणजे सरळ भांडणच होते. नागपुरात सीताबर्डीच्या एका सभागृहात आमचे नाटक संपले होते आणि राजाच्या वेषात मी घाम पुसत बसलो होतो. त्या आत आल्या आणि म्हणाल्या, "काम छान करता. पण राजे इतके ओरडत नाहीत." मी पडलो हिंगण्याच्या कारखान्यातला माणूस. फटकन बोललो, "तुमाले काय माहीत जी बाई, राजे कसे बोलते ते?" त्या नुसत्या हसल्या. एका लहानशा संस्थानाच्या त्या राजकन्या आहेत हे मला मागाहून कळले. म्हटले, घ्या, पडला पाय शेणात!

पुढे त्यांनी काढलेल्या चित्रपटात राजा मीच झालो. गोष्ट त्यांच्याच घरची होती. त्यांचे थोरले बंधू ऐन तिशीत वारले, तेव्हा वडील, म्हणजे महाराज, स्मशानात गेले नाहीत. संस्थान केव्हाच विलीन झाले होते, पण गादी होती आणि गादीची चालही होती. गादीला सुतक नसते, राजाने कोणासाठी रडायचे नसते. रयत दिवसभर वाड्याच्या देवडीपुढे उभी राहिली. राजाने बाहेर यावे, आपल्याबरोबर रडावे, एवढेच तिचे मागणे होते.

चित्रपटाची कुणकुण लागताच महाराजांचा निरोप आला, "हे पडद्यावर आलं, तर या घराचा उंबरठा तुला बंद." ताईसाहेबांनी काम थांबवले नाही. मात्र लोकांच्या आधी चित्रपट दाखवला तो वडिलांनाच. महाराज आले, रिकाम्या थिएटरात बसले. शेवटी माझा राजा देवडीबाहेर येतो आणि रयतेत बसून धाय मोकलून रडतो. दिवे लागले. महाराज काठी टेकत उठले आणि म्हणाले, "मी बाहेर आलो नव्हतो. यायला हवं होतं. पण आलो नव्हतो."

ताईसाहेबांनी तो प्रसंगच कापला. आता सांगा, उभ्या जन्मात माझे तेवढे एकच काम चांगले झाले होते! मी बोलणे टाकले. त्याच काळात माझी पत्नी रामदासपेठेतल्या दवाखान्यात होती. ताईसाहेब रोज डबा घेऊन यायच्या, माझ्याकडे न बघता तिला भरवायच्या आणि निघून जायच्या. पत्नी गेली त्या दिवशी ताईसाहेब दवाखान्याच्या पायरीवर माझ्याशेजारी बसल्या. म्हणाल्या, "रडा हो. तुम्हाला कोणी मनाई केलेली नाही."

चित्रपट सपशेल पडला. "निघ ना गा भायेर!" असे लोक पडद्यावरच्या राजाला ओरडत. थिएटरवाले म्हणाले, रडण्याचा शेवट परत जोडा, पुन्हा लावतो. ताईसाहेब म्हणाल्या, "जे झालं नाही ते मी दाखवणार नाही." त्यांनी वडिलांचे म्हणणे राखले आणि वडिलांनी आपला शब्द राखला. उंबरठा बंद झाला तो झालाच.

महाराज गेले तेव्हा मी ताईसाहेबांसोबत होतो. गादीवर आता त्याच बंधूंचे चिरंजीव. देवडीचा दरवाजा उघडला तो फक्त तिरडीसाठी. रयत हाका मारत राहिली. नवे राजे बाहेर आले नाहीत. ताईसाहेब गर्दीत, धुळीत उभ्या होत्या. त्यांना लहानपणी अंगाखांद्यावर खेळवणारी एक म्हातारी म्हणाली, "काहून वं बाई, आपल्याच घरात जाऊन नाही राहिली?" तिरडीमागून ताईसाहेब स्मशानघाटापर्यंत चालत गेल्या. त्या घरात आजतागायत त्यांचे पाऊल पडलेले नाही.

ताईसाहेबांनी साठी गाठली आहे, त्यानिमित्तच हा गौरवग्रंथ निघतो आहे. चालणे ताठ आणि बोलणे तिखट, दोन्ही अशीच राहोत. त्यांना निरोगी शंभरी लाभो, त्या आणखी एक चित्रपट काढोत आणि त्यात मला पोटभर रडू देवोत.

हा ग्रंथ देवडीवरही जाणार आहे, म्हणून धाकट्या राजेसाहेबांना हात जोडून सांगतो. आपल्या आत्याबाई गेल्यावर आपल्याला येता येणार नाही, गादीची चालच तशी आहे. तेव्हा राजेसाहेब, आताच या.