परत म्हणून दाखवा

मंगळवार, १४ मे. उकाडा असह्य. पाण्याचा फिल्टर बदलला. सूनबाई चष्मा विसरून कामावर गेली. संध्याकाळी नेऊन दिला.

एरवी वहीत एवढंच लिहून थांबले असते, पण आज तिचं काम डोळ्यांनी पाहिलं.

माझी सून वीज नियंत्रण कक्षात पाळीची प्रमुख आहे. तिथला शिरस्ता असा, की फोनवर मिळालेली सूचना ऐकणाऱ्याने जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची, मगच फोन ठेवायचा. सवय घरीही सुटत नाही. ‘साबण आण’ म्हटलं, की ‘साबण आणते’ म्हणूनच चप्पल घालते. आधी मला वाटायचं, पोरगी चेष्टा करते आहे.

नदीपलीकडे डेटा सेंटर झालंय. कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रं तिथे अखंड वीज खातात. तिच्यासाठीची नवी वीजवाहिनी अजून अर्धवट आहे. सुनेचे साहेब म्हणाले, जोडणी देऊन टाका. हिने हट्टाने अट घातली: दुपारी सौरवीज असते तेव्हा हवी तेवढी घ्या, संध्याकाळी घरोघरी पंखे सुरू झाले की आम्ही सांगू तेव्हा भार निम्म्यावर आणा. तसं झालं नाही, तर तोडावी लागेल ती आमच्या भागाची वीज. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांचा श्वास यंत्रावर आहे.

आज ती अट पाळायची पहिलीच वेळ होती. चष्मा देऊन मी कक्षाच्या दाराशी बाकावर बसले होते.

“भार आत्ता निम्म्यावर आणा,” सून डेटा सेंटरला फोनवर म्हणाली. फोनचा स्पीकर चालू होता.

“हो हो, झालंच समजा!” पलीकडच्याने फोन ठेवूनही दिला.

भिंतीवरच्या पडद्यावरचा भाराचा आकडा हलेना. उलट चढला.

“मॅडम, पूर्वेचा भाग तोडू?” सहकाऱ्याचा हात बटणावर होता. पूर्वेचा म्हणजे आमचाच.

“थांब.” तिने पुन्हा फोन लावला. “मी काय सांगितलं ते म्हणून दाखवा.”

“अहो, ही काय शाळा आहे?”

“शाळाच समजा. म्हणा.”

“भार... आत्ता... निम्म्यावर आणा. आत्ता? म्हणजे खरंच? मला वाटलं, रंगीत तालीम आहे!”

“तालीम नाही. परत म्हणा, आणि म्हणता म्हणता करा.”

त्याने म्हटलं. मागे कुणाला तरी ओरडून सांगितलेलंही ऐकू आलं, “मोठी कामं उद्या दुपारवर ढकला!” आकडा अडला, मग घसरू लागला. सहकाऱ्याने बटणावरून हात काढला आणि पँटला पुसला.

सूनबाई घटाघटा पाणी प्यायली. मग मी दिसले.

“आई, तुम्ही अजून इथेच? घरी जाऊन जेवून घ्या.”

“घरी जाऊन जेवून घेते,” मी म्हणाले. सहकारी फिसकन हसला. ती हसली नाही. उद्याच्या संध्याकाळसाठी डेटा सेंटरच्या प्रमुखाला फोन लावत होती.

घरी आले. वीज गेली नाही. काकांच्या यंत्राची घरघर जिन्यात ऐकू येते आहे. दूध तापवून झाकून ठेवलं.