कडेवरच्या लेकराचं निमित्त

ही गोष्ट माझ्या तोंडून अजून एकदाही बाहेर पडलेली नाही. बायकोलाही माहीत नाही — आणि आमच्या ह्यांचं माझ्यापासून काही लपत नाही, असं ती चारचौघींत सांगत असते. तुम्हाला सांगतोय कारण तुम्ही मला ओळखत नाही. हासुद्धा भेकडपणाच, नाही का?

मी हिंगोलीत जलतरण तलावावर पोरांना पोहायला शिकवतो. आमच्याकडची बहुतेक पोरं पाठीला डबा बांधून विहिरीत शिकून आलेली. विहिरीत बुडायचं नाही एवढाच हिशेब असतो, म्हणून मान वर, कंबर खाली आणि पाय कुठल्या कुठं. तर मी त्यांना आधी पाण्यात सोडतच नाही. भिंतीला पाठ लावून उभं करतो. टाचा टेकल्या पाहिजेत, खांदे टेकले पाहिजेत, डोकं टेकलं पाहिजे. मग माझं भाषण — ताकद दंडात नसते रे, पाठीत असते. पाठ सरळ असली की पाणी वाट देतं, वाकडी असली की तेच पाणी मागं ओढतं. पोरं माझ्यामागं या भाषणाची नक्कल करतात, मला ठाऊक आहे. पोक काढून चालणारं पोरगं दिसलं तर मी त्याला भर भाजीबाजारात थांबवून सरळ करतो. एवढा मी पाठीचा अभिमानी माणूस.

प्रज्ञा मूळची साखऱ्याची. पोरांच्या शिक्षणासाठी आई-बाप हिंगोलीत खोली करून राहिले होते. बाप टेम्पो चालवायचा, आई घरी शिलाई करायची. आई मशीनवर बसलेली असायची, म्हणून धाकटा भाऊ कायम प्रज्ञाच्या कडेवर. तलावावरही ती त्याला घेऊनच यायची. सडपातळ पोर, पण हात असा लांब टाकायची की मी शिट्टी वाजवायची विसरायचो. अशी पोरगी आपल्या हाताखाली एखादीच येते, आणि आली की शिकवणाऱ्याची मती फिरते. माझी फिरली.

हंगामाच्या सुरुवातीला मी सगळ्या पोरांना ओणवं उभं करतो. गुडघे न वाकवता हात पायांच्या बोटांकडं न्यायचे, आणि मी मागून बघायचं, पाठीच्या दोन्ही बाजू सारख्या आहेत का. एक बाजू वर आलेली दिसली, तर मणका वाकतोय असं समजून पोराला हाडांच्या डॉक्टरकडं धाडायचं. प्रशिक्षकांच्या शिबिरात आमच्याकडून हे घोकून घेतलं होतं — वाढीचं वय आहे, उशीर करू नका.

प्रज्ञा आठवीत गेली त्या हंगामात तिची उजवी बाजू वर आलेली होती.

मला नीट दिसलं नाही, असं म्हणू का? उन्हाची तिरीप होती, पोरांची गर्दी होती? नाही. मी तिला पुन्हा ओणवं व्हायला सांगितलं होतं. पुन्हा तेच दिसलं. आणि मी म्हणालो, छान, चला, पाण्यात उतरा.

विभागाची स्पर्धा तोंडावर आली होती. डॉक्टर म्हणाला असता, थांबवा. आमच्या तलावावरून तोवर कुणी पुढं गेलं नव्हतं. मनात म्हटलं, एवढी स्पर्धा होऊ दे, मग बघू. विभाग झाला, मग राज्य आलं, आणि माझं ‘मग बघू’ पुढं पुढं सरकत राहिलं. पाण्यात ती डावीकडं ओढली जायला लागली, तर मी काय केलं? डॉक्टर गाठण्याऐवजी रबरी पट्टे ओढायला लावून तिची कच्ची बाजू बळकट केली. सायकलचं चाक वाकडं आहे हे दिसत असून त्यात हवा भरण्यातला हा प्रकार. सायकल जोरात पळाली. माझा शाल-नारळ देऊन सत्कार झाला.

मधे एकदा तिची आई तलावावर आली होती. “सर, हिचा कुर्ता एका अंगानं वर जाऊन राहिला. म्या तर बराबर शिवला व्हता. काहून असं?” मी हसून म्हणालो, ताई, पोहणाऱ्यांची पाठ अशीच भरते, काळजी करू नका. बाई समाधानानं गेली. घरी जाऊन तिनं कुर्त्याच्या एका बाजूची दुमड उसवून ती बाजू लांब केली. त्यानंतर प्रज्ञाचे सगळे कुर्ते ती तसेच शिवायला लागली, म्हणजे घातल्यावर खालची कड सरळ दिसायची. माझं खोटं ती माऊली आपल्या हातानं शिवत होती, आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

प्रज्ञा स्वतः एकदाच बोलली. “सर, पाठ लई तकलीफ देऊन राहिली.” सगळ्या पोरांसमोर मी तिला म्हणालो, आळस सोड, ताठ उभी राहा. ती राहिली. जमेल तेवढी ताठ राहिली. हे आठवलं की माझी मलाच शिसारी येते.

पुढं वर्गात बसवेना, तेव्हा तिला नांदेडला नेलं. मीही सोबत गेलो — केवढा काळजीवाहू! एक्स-रेच्या फोटोत मणका नागमोडी दिसत होता. डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही? आधी आणली असती तर कदाचित पाठीला पट्टा बांधून निभावलं असतं, आता ऑपरेशन. आईनं माझ्याकडं बघितलं. संशयानं नाही, आधारासाठी. मी फोटो पाकिटात सरकवायला लागलो.

तुम्हाला वाटेल, हेच ते. मलाही बरेच दिवस वाटायचं की एवढंच सांगून मोकळं व्हावं. पण अजून एक आहे.

बाहेर बाकावर बसल्यावर आई पदर तोंडाला लावून म्हणाली, “म्याच केलं सर. सदा धाकटं लेकरू हिच्या कडेवर देत व्हते. त्यानंच कंबर वाकली असंल, न्हाई का?” कडेवर लेकरू घेऊन असा मणका वाकत नाही. हे मला माहीत होतं. शिबिरात सांगितलं होतं. एक ‘नाही’ म्हणायचं होतं. पण ‘नाही’ म्हटलं की पुढचा प्रश्न आला असता, मग कशानं? आणि मग, तुमाला कधी दिसलं न्हाई का?

मी म्हणालो, “असू शकतं, ताई.”

त्या एका वाक्यानं मी सुटलो आणि ती अडकली. प्रज्ञाचं ऑपरेशन झालं. मणक्यात सळया आहेत, पाठ आता वाकत नाही. कॉलेजात जाते, खाली पडलेलं काही उचलायचं तर गुडघ्यांवर बसते. पोहणं सुटलं. धाकटा भाऊ तिला साधी पिशवीसुद्धा उचलू देत नाही. आपल्यापायी ताईची पाठ गेली, असं त्या लेकराच्या मनात बसलंय. घरात कुणी ना कुणी ते त्याला बोलून दाखवलंच असणार. असल्या घरात मी दिवाळीला फराळाला जाऊन आलोय. दोनदा चिवडा मागून घेतलाय.

परवा पुसेगावला जायला बसस्टँडवर थांबलो होतो. प्रज्ञाची आईही तिथंच होती. शेजारी एक बाई, आणि तिच्या नऊ-दहा वर्षांच्या पोरीच्या कडेवर गुटगुटीत लेकरू. प्रज्ञाच्या आईला राहवलं नाही. ती त्या बाईला म्हणाली, “बाई, पोरीच्या कडेवर लेकरू देत जाऊ नका. माझ्या हातानं माझ्या पोरीची पाठ गेली. खोटं वाटंल तर इचारा या सरायला.”

बाईनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली.

तिनं घाईघाईनं लेकरू आपल्याकडं घेतलं. तेवढ्यात बस लागली, गर्दी उसळली. प्रज्ञाच्या आईनं खिडकीतून आपली पिशवी आत टाकून माझ्यासाठी जागा धरली, स्वतः दांडीला धरून उभी राहिली. मी त्या जागेवर बसलो.