ती किंकाळी

हल्लीच्या सिनेमांतली भुतं मला फार घाईतली वाटतात. येतात आणि नुसत्या कानठळ्या बसवतात. परवा नातीबरोबर असाच एक भयपट पाहत होतो. पुढच्या रांगेतल्या बाईने नवऱ्याच्या डोळ्यांवर हात ठेवला, आणि माझं पडद्यावरचं लक्ष उडालं.

लग्नानंतर गावच्या टॉकीजमध्ये आम्ही दोघं पहिल्यांदा गेलो, तेव्हाचं भूत म्हणजे पांढरं पातळ नेसून झोपाळ्यावर बसलेली एक बाई. तिने सावकाश मान वळवली आणि आमच्या रांगेतून किंकाळी उठली, "आई गं!" सगळं थिएटर हसलं. मागून कोणी ओरडलं, "कोण रे ते?"

"आमची ही," मी म्हणालो. "भित्री आहे."

हिने पदर तोंडावर ओढून घेतला. पुढे प्रत्येक लग्नकार्यात मी तो किस्सा रंगवून सांगितला. ही पंगतीत वाढता वाढता हसायची. आता ती नाही.

मध्यंतरात नात म्हणाली, "आजोबा, आजी असती तर केवढ्याने किंचाळली असती ना?"

"नाही गं," मी म्हणालो. "तेव्हा मीच किंचाळलो होतो. तिने माझा हात धरला होता."