मागच्या भिंतीवरून शिरलेले अर्जदार

बंद इमारती पाहत हिंडणाऱ्यांचे फोटो काही फार चांगले येत नाहीत. आमचे तर बहुतेक हललेलेच असतात, कारण काढणाऱ्याचे पाय कापत असतात! किस्से मात्र असे साचलेत, की लग्नात पंगतीला बसलो की वरण वाढायच्या आधीच शेजारचा विचारतो, "काय इंगळे, या रविवारी कुठं मरता मरता वाचले?"

आमची मंडळी चारच. अकोल्याच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले वानखडे सर; जुनी वीट दिसली की त्यांना पुढचं काही दिसत नाही. ऑटो पार्ट्सचं दुकान चालवणारे जमीलभाई. दोर आणि टॉर्च त्यांच्याकडे. तहसीलमधल्या अव्वल कारकून गवई मॅडम. नायब तहसीलदार होण्याच्या यादीत त्यांचं नाव होतं आणि तेवीस वर्षांच्या नोकरीत एक साधा मेमो नव्हता. चौथा मी, सरकारी दवाखान्यातला फार्मासिस्ट. आयोडीन आणि पट्ट्या माझ्याकडे. मंडळींत सगळ्यात भित्रा मीच, आणि हे मी अभिमानानं सांगतो.

*

धामणगाव रेल्वेकडे कापसाचा एक जिनिंग कारखाना कित्येक वर्षं बंद आहे. वर लाकडी माळा. मी म्हटलं, "नका जाऊ, लाकूड कुजलं असेल." जमीलभाई हसले.

"इंगळेभाऊ, सागवान हाय हे! हत्ती नाचवा याच्यावर!"

तिसऱ्या पावलाला त्यांचा उजवा पाय मांडीपर्यंत फळीतून खाली! खाली पंधरा-वीस फूट मोकळी जागा आणि गंजलेली यंत्रं. सर आणि मी त्यांच्या काखेत हात घालून ओढतोय, जमीलभाई अल्लाचं नाव घेतायत, आणि तेवढ्यात खालून एका बाईचा शांत आवाज आला. शेळ्या चारायला आत आली होती.

"ओ भाऊ, तुमची चप्पल पडली. वर फेकू, का तुमीच येऊन राह्यले?"

खिळ्यानं मांडी चांगलीच फाटली होती. सात टाके पडले. पुढच्या रविवारी जमीलभाई बूट घालून आले.

*

रिद्धपूरहून येताना रस्त्याला लागून एक बंद ऑइल मिल दिसली. भिंत पडलेली, कुलूप नाही, दार नाही. कडुलिंबाच्या सावलीत जमिनीवर एक मोठा पत्रा पडला होता. सर त्यावर ऐसपैस बसले, डबा उघडला आणि भाकर-ठेचा खात खात त्यांनी आम्हाला तेलाच्या व्यापारावर वीस मिनिटं व्याख्यान दिलं. सर वजनानं नव्वदच्या पुढं. सांगताना मांडीवर थाप मारायची त्यांची सवय!

रस्त्यानं एक सायकलवाला चालला होता. तो थांबला, पाय टेकवला आणि म्हणाला, "गुरुजी, विहिरीवर काहून बसून राह्यले?"

"कोणती विहीर?"

"तुमच्या खालची!"

जमीलभाईंनी दबक्या आवाजात सांगितलं, "सर, हलू नोका. बोलू बी नोका." सर कधी नव्हे ते बोलले नाहीत. दोर टाकला, सर पोटावर आडवे झाले आणि आम्ही त्यांना गोणीसारखं ओढून घेतलं. मग मी पत्र्याची कड उचलून पाहिली. खाली दोन कुजलेल्या फळ्या, बाकी अंधार. खडा टाकला, तर आवाज यायला इतका वेळ लागला की गवई मॅडम रडायलाच लागल्या.

सरांना दोन घोट पाणी पाजलं. त्यांनी पत्र्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "डबा राहिला."

*

त्यानंतर जमीलभाईंनी नियम केला, विचारल्याशिवाय आत पाय ठेवायचा नाही. अकोल्यात एका बंद मिलच्या फाटकाशी बनियनवर एक म्हातारबुवा खाटेवर बसले होते.

"सलाम चाचा, आत पाहू का जरा?"

"पाहा ना बापा, आपलंच हाय सारं!"

चहा पाजला, बॉयलर दाखवला, फोटोला उभे राहिले. आम्ही खूश! तेवढ्यात पोलिसांची जीप आली आणि तिच्यातून मिलचा खरा मालक उतरला. आमच्याकडे बोट दाखवून ओरडला, "पाहा साहेब! हा तं घुसेलच होता, आता यानं भाडेकरू बी आनले!"

म्हातारबुवांवर त्याच जागेच्या कब्जाची केस चालू होती. आम्ही भाडेकरू नाही हे पटवून देण्यात सगळी दुपार गेली. चौघांची नावं पत्त्यांसकट लिहून घेतली. निघताना म्हातारबुवा मायेनं म्हणाले, "खोली पायजे असन तं सांगजा."

*

पुढचा किस्सा मी लग्नाच्या पंगतीत सांगत नाही.

एका शाळेजवळच्या पडीक इमारतीत विचारायला कोणी नव्हतं, म्हणून आम्ही तसेच शिरलो होतो. आत एक तुळई निव्वळ सवयीनं टिकून होती, आणि तिच्याखाली पोरांचे क्रिकेटचे स्टंप! सर म्हणाले, "हे पाहून गप्प बसणं पाप आहे." बरोबरच होतं. त्यांनी रीतसर अर्ज लिहिला, आम्ही चौघांनी सह्या केल्या आणि पोलीस ठाण्यात दिला. तिसऱ्या दिवशी बोलावणं आलं. आम्हाला वाटलं, सत्कारच!

ठाणेदारांनी अर्ज मोठ्यानं वाचला. "आम्ही खाली सह्या करणारे अर्जदार, सदर इमारतीच्या मागील भिंतीवरून आत प्रवेश करून, 'प्रवेश बंद' हा फलक बाजूला ठेवून, समक्ष पाहणी केली असता..."

सोबत आठ फोटो. तिसऱ्यात तो फलक हातात धरून गवई मॅडम हसतायत.

"सर," ठाणेदार म्हणाले, "हे तक्रार हाय, का कबुलीजबाब?"

मग त्यांची नजर सह्यांवर गेली. मॅडमनी सवयीप्रमाणे सहीखाली पदनाम लिहिलं होतं. कार्यालयाचं नावसुद्धा!

"म्याडम, मालकानं उद्या गुन्हा नोंदवाले लावला तं बढतीचं काय?"

मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला. फौजदारी गुन्हा नोंदून प्रकरण कोर्टात गेलं की बढतीचा निर्णय बंद लिफाफ्यात जातो, आणि तो लिफाफा कधी उघडेल सांगता येत नाही. हे त्यांनीच इतरांना कितीदा समजावलं असेल! चार वाजेपर्यंत आम्ही बाकावर बसून होतो. शेवटी समज देऊन सोडलं. पोलिसांनी नगरपालिकेला कळवलं, आठवड्यात ती तुळई उतरवली आणि मागची भिंत उंच केली, हेही सांगायला हवं.

बाहेर आल्यावर मॅडम एवढंच म्हणाल्या, "आता लेखी परवानगी हातात आल्याबिगर मी कुठं येत नाही."

*

मग सरांनी दोन महिने खेटे घालून लेखी परवानगी आणली. अमरावतीतली एका खात्याची दुमजली कचेरी, बंद केलेली. पत्रावर जावक क्रमांक, गोल शिक्का, सही. 'तळमजला व पहिला मजला' असं स्पष्ट लिहिलेलं. मॅडमनी ते पत्र तीनदा वाचलं, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातलं आणि त्या प्रथमच आमच्या पुढं चालल्या.

फाटकावर चौकीदार. साठीचा, किडकिडीत, गळ्यात शिट्टी. त्यानं पत्र उलटंपालटं केलं आणि परत दिलं.

"आत नाही जाता येत."

"का नाही? लेखी परवानगी आहे!" मॅडमचा तहसीलचा आवाज लागला.

"असन. सकाळपासून माती झडून राह्यली वरून. कबुतरं बी बसून नाही राह्यले."

सरांनी इतिहास सांगितला, जमीलभाईंनी तंबाखू पुढं केली. तो फाटकाला पाठ लावून उभा! मॅडम बाजूनं जायला निघाल्या, तर त्यानं त्यांच्या पर्सचा पट्टाच धरला. धक्काबुक्कीच झाली म्हणायची! आम्ही सगळेच भडकलो. खोटं कशाला सांगू, मीसुद्धा. पहिल्यांदाच कायदा आमच्या बाजूनं होता.

मॅडमनी स्कूटरच्या सीटवर कागद ठेवला आणि उभ्या उभ्या तक्रार लिहायला घेतली. "सक्षम अधिकाऱ्याचे लेखी आदेश असताना, सदर चौकीदाराने उद्धटपणे..." मान वर न करता त्यांनी विचारलं, "नाव काय तुमचं?"

"नामदेव."

"पूर्ण सांगा."

तो पूर्ण नाव सांगत होता आणि त्याच्या पाठीमागे पहिला मजला खाली आला.

आवाज नंतर आठवतो. आधी जमीन हलली, मग धूळ. तोंडात धूळ, डोळ्यांत धूळ. सर मला हाक मारत होते, मी त्यांना. जमीलभाईंनी चौघांची डोकी हातानं चाचपून मोजली. दोन-चार मिनिटांनी दिसायला लागलं, तेव्हा जिन्याच्या जागी आभाळ होतं.

मॅडमच्या हातात पेन तसंच होतं. चौकीदारानं डोक्यावरची माती झटकली, स्कूटरच्या सीटवरचा कागद फुंकून साफ केला आणि त्यांच्यापुढं सरकवला.

"हं, लिवा म्याडम. नामदेव किसन तायडे."