ओली रांग, कोरडी रांग

पडदा वर जातो तेव्हा आधी दिसते ती एक बिनखिडकीची खोली. छतातला दिवा ठरल्या वेळी आपोआप लागतो आणि ठरल्या वेळी विझतो, तीच आतल्या मंडळींची सकाळ आणि संध्याकाळ. स्टीलच्या तीन मांडण्या, त्यांवर पारदर्शक पेट्या, पेट्यांत लाकडाचा भुसा आणि भुशात पांढरे उंदीर. प्रयोग सुरू होण्याआधी प्रेक्षागृहात असते तशी बारीक कुजबुज सगळीकडे. आणि मधोमध निळा एप्रन घातलेली एक ठेंगणी बाई तळहात एकमेकांवर चोळत उभी.

ही मावशी. संस्थेच्या हजेरीपटावर तिचं नाव असेल, पण ते घेऊन हाक मारलेली कुणाला आठवत नाही. हात चोळल्याशिवाय तिने कधी पेटी उघडली नाही. गार बोट लागलं की उंदीर दचकतो, आणि दचकलेल्याला तपासायचं म्हणजे दोघांच्याही जिवाला घोर. हातमोज्यांवरूनसुद्धा ती तळवे ऊन होईस्तोवर चोळायची.

हीच मावशी लग्नानंतरची कितीतरी वर्षं उंदीर दिसला की खुर्चीवर चढून बसायची. ही नोकरी लागली तेव्हा नवरा हसून हसून लोळला. तो कुलपं दुरुस्त करायचा. म्हणाला, "मी दारं उघडतो, तू उंदरांचे पिंजरे उघड. घरात आता बंद असं काही राहायचं नाही."

तिच्या खोलीतल्या सगळ्या उंदीरबायांना जन्मतःच स्तनात गाठी होण्याचा स्वभाव होता. पहिल्या मांडणीतल्या एरवी ठणठणीत. दुसऱ्या मांडणीतल्यांना मधुमेह. तिसरीतल्यांनाही मधुमेहच, पण त्यांना साखर उतरवणारं औषध चालू. अंगात साखर असली तर गाठी लवकर येतात का, भराभर वाढतात का, हे तिथल्या संशोधक मॅडम शोधत होत्या. डॉक्टर होत्या त्या, पण उंदरांच्या, असं मावशी शेजारपाजारी सांगायची.

मधुमेहाचे उंदीर पाणी फार पितात आणि भुसा ओला करतात. त्यामुळे दुसऱ्या रांगेचा भुसा रोज बदलावा लागे, आणि मावशीचा सगळा दिवस तिथेच जाई. "पुन्हा पसारा केलास? तुझी सासू नाही म्हणून चाललंय हे," असं बोलत बोलत ती एकेकीला चिमटीत उचले, मानेखालून मांडीपर्यंत बोट फिरवी आणि गाठ लागली की मॅडमना हाक मारी. तिसरी रांग कोरडी. आठवड्यातून एकदा भुसा बदलला की काम संपलं, आणि तपासणीही मॅडम स्वतःच करत. त्या रांगेकडे मावशीचं येणंजाणं पाहुण्यासारखंच.

मावशीलाही साखर होती. गोळ्या आठवतील तेव्हा.

"घेतलीस का गं गोळी?" नवरा विचारी.

"आधी माझ्या साखरवाल्या भावंडांचं आटपू दे," ती म्हणे आणि चहात चमचाभर साखर घाली, त्याची पाठ वळल्यावर.

एका सकाळी अंघोळ करताना साबणाचं बोट काखेजवळ थांबलं. मिरीच्या दाण्याएवढं काहीतरी होतं. डोक्याला कळायच्या आत बोटाला कळलं. तिने पाणी ओतलं, अंग पुसलं आणि कामावर गेली.

त्यानंतर ती दुसऱ्या रांगेकडे वेगळ्याच नजरेने बघू लागली. साखर अंगात, गाठ अंगात. पुढचा अंक तिच्या डोळ्यांसमोर रोज चालू होता, आणि तो कसा संपतो हे तिच्याइतकं कुणी पाहिलं नव्हतं. मग डॉक्टरकडे जायचं कशाला? ठाऊक असलेलं परत ऐकायला?

तपासणीचा दिवस आला. मावशीने हात चोळले, पेटी उघडली आणि तशीच उभी राहिली.

"मॅडम, आज तुम्हीच बघा. माझ्याच्याने होणार नाही."

मॅडमनी तिच्याकडे नीट पाहिलं. "आज गप्पाही ऐकू आल्या नाहीत तुमच्या. काय झालंय?"

"काही नाही. ह्यांचं झालं ते माझं होणार, एवढंच." आणि तिने स्वतःच्या काखेकडे बोट केलं.

मॅडमनी तिचा हात धरून तिला तिसऱ्या मांडणीपुढे नेलं. "ही पेटी उघडा. तपासा."

मावशीने बोट फिरवलं. पहिलीला काही लागलं नाही. दुसरीपाशी बोट थांबलं. "आहे," ती म्हणाली. "इथेही आहे."

"केवढी?"

"मोहरीएवढी."

"वय ओल्या रांगेतल्यांएवढंच. त्यांच्याच बहिणी. साखर ताब्यात आहे, म्हणून गाठी उशिरा आल्या, लहान राहिल्या. तुम्ही इतके दिवस एकाच रांगेचं नाटक बघत बसलात, मावशी."

"ही रांग कोरडी असते ना. हात घालायची वेळच येत नाही."

"आणि हेही उंदरांचंच झालं. ह्यांना गाठ व्हावी म्हणूनच ह्यांना जन्माला घातलंय. तुमची गाठ कसली आहे ते मला ठाऊक नाही, तुम्हालाही नाही. बायकांच्या पुष्कळ गाठी साध्या निघतात. ते दाखवल्याशिवाय कसं कळणार? तुम्ही उंदीर नाही."

"आमच्या घरी विचारा. रात्री डबे हुडकते तेव्हा तेच म्हणतात मला."

मॅडम हसल्या आणि मग दोघींचेही डोळे भरून आले.

संध्याकाळी नवरा खिडकीशी कुलूप खोलून बसला होता. तिने उभ्या उभ्या सांगून टाकलं. त्याच्या हातातली स्प्रिंग उडून कपाटाखाली गेली. तो ती शोधायला वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. उठला तेव्हा हातात स्प्रिंग नव्हती.

"एवढे दिवस एकटीच घेऊन फिरलीस होय?"

"तुम्ही घाबरला असता."

"आता काय, नाचतोय?" तो म्हणाला. मग त्याने सकाळसाठी दोघांचे बूट दारात जोडीने लावून ठेवले आणि तिच्या कपाशेजारी गोळी ठेवली. साखरेचा डबा वरच्या फळीवर गेला, तिचा हात पोचणार नाही अशा जागी. तिने बघितलं आणि गोळी तोंडात टाकली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या तपासणीच्या खोलीत मावशी उंच पलंगावर बसली होती. पाय जमिनीला टेकत नव्हते. पडद्यापलीकडे नवऱ्याचा खोकला ऐकू येत होता. त्याला खोकला झालेला नव्हता, मी इथेच आहे एवढंच त्याला सांगायचं होतं. डॉक्टर आली, लेकीच्या वयाची. तिने नळाखाली हात धुतले, पुसले आणि पुढे केले. पहिलं बोट लागलं तशी मावशी दचकली. मग तिने ते गार हात आपल्या दोन्ही तळव्यांत घेतले आणि सावकाश चोळू लागली.

"थांब बाळा, ऊन होऊ देत. आमच्याकडे उंदरालासुद्धा गार हात लावत नाहीत. हं, आता बघ."