प्रस्थानाची चावी
फडक्यात बांधलेली सुपारी दिसली की मला ह्यांची शर्यतीची लाल मोटार आठवते. ती बोटीने विलायतेला न्यायची आणि तिथे गावोगाव हिंडायचं, असं ह्यांनी ठरवलं होतं. जळगाव स्टेशनातून मोटार मुंबईच्या मालगाडीवर चढवायचा दिवस वाईट निघाला, म्हणून सासूबाईंनी आदल्या दिवशीच्या मुहूर्तावर शेजारी प्रस्थान, म्हणजे प्रवासाला निघाल्याची खूण म्हणून एक पुरचुंडी, ठेवायला सांगितलं. मी सुपारी-तांदूळ बांधत होते, तर म्हणाल्या, "मोटार जाई राहिनी ना, मंग तिनी चावी बी बांध." शेजारीण दुसऱ्या दिवशी सकाळीच असोद्याला लग्नाला जाणार हे मला ठाऊक होतं, पण सासूबाईंपुढे बोलायची माझी छाती झाली नाही; चावी बांधून पुरचुंडी तिच्याकडे ठेवून आले. दुसऱ्या दिवशी शेजारी कुलूप! "मोटार विलायतेला आणि चावी असोद्याला!" हे कपाळावर हात मारून ओरडले. मालगाडी काही थांबणार नव्हती. शेवटी मोटारीला बैल जुंपले आणि कापसाच्या गाड्यांमागून धुरळा खात ती स्टेशनकडे निघाली. "भाऊ, बैलस्ले बी विलायतले ली जा!" लोक हसत होते, आणि मी दाराआड स्वतःच्या मुकेपणावर चरफडत होते. मोटार कशीबशी चढली, चावी मागून मुंबईला गेली. आता घरातलं कुणी प्रवासाला निघालं की मी सगळ्यांदेखत, मोठ्याने विचारते, "शेजारी उद्या घरी आहेत ना?"